रस्त्यावर मांडलेली खुर्ची

‘येथे विनाकारण बसू नये.’ ही पाटी वाचली नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. उपाहारगृहात चहाचा कप रिकामा झाला की पोऱ्या फडके घेऊन टेबल पुसायला येतो आणि आपण न सांगता उठतो. पैसे आपण चहाचे दिलेले असतात, बसण्याचे नव्हेत.

ही समजूत मनात घेऊनच मी गेल्या वर्षी जून महिन्यात व्हिएन्नाला आत्याकडे गेले. दुसऱ्याच दिवशी आत्याने कामावर जाताना मला एका कॉफीगृहापुढे, रस्त्यावर मांडलेल्या टेबलाशी बसवले आणि म्हणाली, “मी साडेसहाला येते. तोवर इथेच बस.” घड्याळात साडेचार वाजले होते. मी म्हटले, “अगं आत्या, दोन तास? एका कॉफीवर? उठवतील की मला!” आत्या हसली. “कोणी उठवत नाही. तू बिल मागितल्याशिवाय ते आणणारसुद्धा नाहीत.”

आणि झालेही तसेच. काळ्या पोशाखातला एक वयस्क वेटर आला. त्याला ‘हेर ओबर’ म्हणायचे, म्हणजे ‘मुख्य वाढपी साहेब’. तो मुख्य असो वा नसो, हाक हीच. नुसती ‘कॉफी’ मागून तेथे भागत नाही, कारण कॉफीचे प्रकार पुष्कळ. मी ‘मेलान्ज’ मागितली. ही कॉफी गरम दुधाची आणि वर फेस असलेली असते. शेजारच्या आजोबांपुढे काचेच्या पेल्यात काळी कॉफी होती आणि तिच्यावर घुसळलेल्या सायीचा जाड थर. तिचे नाव ‘आइनश्पेनर’, म्हणजे एका घोड्याची गाडी. थंडीत गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या गाडीवानांची ही कॉफी. सायीच्या झाकणामुळे ती लवकर निवत नसे, असे सांगतात.

माझी कॉफी चकचकीत तबकातून आली. सोबत साध्या पाण्याचा एक पेला होता. तासाभराने, मी काहीही मागितले नसताना, हेर ओबर पाण्याचा दुसरा भरलेला पेला ठेवून गेला. मी दचकले, वाटले, ही उठण्याची सूचना असावी. नंतर कळले की अर्थ नेमका उलटा आहे. ‘बसा निवांत’ हेच तो पाण्याच्या पेल्याने सांगत होता! आत भिंतीपाशी लाकडी दांड्यांत अडकवलेली वर्तमानपत्रे टांगलेली असतात. ती कोणीही बाहेर आणून वाचावीत. कॉफीला पाच-सहा युरो, म्हणजे आपले पाचशेहून अधिक रुपये पडतात. प्रथम ऐकून छाती दडपते. पण ही किंमत एका कपाची नाही; खुर्ची, सावली, वर्तमानपत्र आणि वेळ या सर्वांची ती मिळून आहे.

आता प्रश्न असा, की ही मंडळी आतल्या गाद्या सोडून रस्त्यावर का बसतात? आपण उन्हाळ्यात सावली शोधतो. तेथे माणसे ऊन शोधतात. डिसेंबरात व्हिएन्नामध्ये दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनच्या अखेरीस तोच दिवस सोळा तासांचा होतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. वर्षभर साठवलेली भूक माणसे या महिन्यांत भागवून घेतात.

रस्त्यावरच्या या बैठकीला तेथे ‘शानीगार्टन’ म्हणतात. ‘गार्टन’ म्हणजे बाग. शानी कोण, याविषयी दोन कथा आहेत. १७५० च्या सुमारास ग्राबेन या मध्यवर्ती रस्त्यावर योहान याकोब तारोने या कॉफीवाल्याला दुकानापुढे टेबले मांडण्याची परवानगी मिळाली. योहानचे लाडके रूप ते शानी, असे काही म्हणतात. दुसरी कथा अधिक गोड आहे. कॉफीगृहातल्या हरकाम्या पोऱ्याला सरसकट ‘शानी’ म्हणत, आणि सकाळी मालक त्याला हुकूम सोडी, ‘शानी, बाग बाहेर काढ!’ मग तो टेबले, खुर्च्या आणि झाडांच्या कुंड्या उचलून रस्त्यावर मांडी. दोहोंतली कोणतीही कथा खरी माना. रोज बाहेर काढता येणारी बाग ही कल्पनाच किती सुंदर!

परंतु रस्ता दुकानदाराच्या मालकीचा नसतो. म्हणून या बागेसाठी नगरपालिकेची परवानगी लागते, जागेचे भाडे भरावे लागते आणि पायी जाणाऱ्यांची वाट मोकळी ठेवावी लागते. शहराच्या रचनेनेही साहाय्य केले. १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफ याने जुना तट पाडण्याचा आदेश दिला आणि त्या जागी ‘रिंगश्ट्रासे’ हा झाडांच्या रांगांचा प्रशस्त रस्ता झाला; त्याचे उद्घाटन १८६५ साली झाले. रुंद पदपथ आणि झाडांची सावली असेल तरच रस्त्यावर खुर्ची मांडता येते.

त्या खुर्चीचीही एक गोष्ट आहे. मिखाएल टोनेट या कारागिराने बीच वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून १८५९ साली ‘क्रमांक १४’ ही खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग आणि काही स्क्रू, एवढाच तिचा पसारा. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. त्यामुळे ती जगभर गेली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच कुळातल्या. व्हिएन्नात ती खुर्ची पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

येथवर वाचून कोणास वाटेल की ही जागा सर्वांना सदैव मोकळी होती. तसे नाही. १६८५ साली योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला कॉफी विकण्याचा परवाना मिळाला, तेव्हापासून साधारण १८५६ पर्यंत स्त्रियांना तेथील कॉफीगृहांत गिऱ्हाईक म्हणून बसता येत नसे. बाई दिसे ती गल्ल्यावर. म्हणजे मी ज्या खुर्चीवर पुस्तक उघडून एकटी बसले होते, ती बाईला मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली.

आणि मिळालेली खुर्ची हिरावूनही घेतली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील कॉफीगृहे म्हणजे लेखकांची घरेच होती. श्टेफान त्स्वाइगने आठवणींत लिहिले आहे की एका कपाच्या किमतीत कोणालाही तासन्तास बसून जगभरची नियतकालिके वाचता येत. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य शहरात शिरले आणि ज्यूंना कॉफीगृहेच काय, बागेतली बाकेही बंद झाली. ज्यू मालकांची कॉफीगृहे बळकावली गेली. सिग्मंड फ्रॉइड म्हातारपणी लंडनला गेला. त्स्वाइग आधीच देशाबाहेर होता, त्याने १९४२ साली ब्राझीलमध्ये जीवन संपवले. ऑस्ट्रियातील पासष्ट हजारांवर ज्यू मारले गेले. २०११ साली व्हिएन्नाची कॉफीगृह-संस्कृती ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तो वारसा मिरवताना हे पानही वाचले पाहिजे.

साडेसहाला आत्या आली. “कंटाळलीस का गं?” तिने विचारले. खरे सांगायचे तर पहिली वीस मिनिटे मी पदर सावरावा तशी ओढणी सावरत होते, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी घड्याळ बघत होते. मग ध्यानात आले की माझ्याकडे कोणीच पाहत नाही आणि मी कोणाला कारण द्यायचे नाही. तेथून पुढचा वेळ कसा गेला ते कळलेच नाही. उघड्यावरच्या कॉफीगृहाचा आनंद माझ्यापुरता एवढाच: विनाकारण बसता येणे.

परत आल्यावर मैत्रिणीला घेऊन स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तेथील बाकावर मुली बसत नाहीत. चहा घेतात तो उभ्याने आणि घाईने. आम्ही बसलो. थोड्या वेळाने एका काकांनी काळजीने विचारले, “कोणाची वाट बघताय का, बाळांनो?”

“नाही काका,” मैत्रीण म्हणाली, “चहा पितोय.”

काका थोडे सरकून बसले. पोऱ्याने, न मागता, पाण्याचे दोन पेले आणून ठेवले.