जुन्या रुपयाची पारख

लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवावयाचा चांदीचा रुपया आदल्या दिवशी चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करावयाचा, ही रीत पुष्कळ घरांतून चालत आलेली आहे. पूजेला ती शोभतेच. परंतु संग्राहकाच्या दृष्टीने प्रत्येक घासण्यासरशी त्या रुपयाचे मोल थोडेथोडे उतरत असते. पुढे अडीअडचणीला तो रुपया चांदीच्या भावाने सराफाकडे जातो, आणि आपल्या हातून काय गेले याची घरात कोणाला वार्ताही नसते.

पंचम जॉर्जच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा; आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. एवढे मोल तर वितळविल्यावरही हाती येते. प्रश्न असतो तो याहून अधिक काय येईल याचा, आणि त्याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: नाण्याची स्थिती व टांकसाळीची खूण.

नाणे झिजते ते सर्वांत उंच भागापासून. सातव्या एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस आधी सपाट होतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, दाढी आणि राजवस्त्रावरील मालेतला चिमुकला हत्ती पाहावा. या जागी रेषा स्पष्ट असतील तर नाणे फारसे हातोहाती फिरलेले नाही. व्यापारी याच्या पायऱ्या ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अशा इंग्रजी नावांनीच सांगतात. न वापरलेले ते ‘अनसर्क्युलेटेड’. मात्र सपाटपणा म्हणजे झीजच असे नव्हे. ठसाच हलका बसला असेल, तर रेषा पुसट असूनही मूळची झळाळी शाबूत असते. दिव्याखाली नाणे कलते करून फिरविले की प्रकाशाची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी त्यावरून सरकते. घासलेल्या नाण्याला चकाकी असते, ही फिरती झळाळी नसते. भिंगातून पाहिल्यास केसासारखे असंख्य ओरखडे दिसतात. काळाने चढलेली करडी झाक हा दोष नव्हे, उलट ती हवीशी मानतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. कितीतरी रुपये माळांत ओवलेले होते. कडी काढून डाग कानशीने साफ केला, तरी कडेच्या दात्यांत त्या जागी खंड राहतोच. असे नाणे चेहऱ्याने कितीही देखणे असले तरी त्याचा भाव उतरतो.

आता खूण. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस, तळाशी सालाखाली, कमळाजवळ बारीक उठावदार ठिपका असला तर तो मुंबईचा. नसला तर कलकत्त्याचा. सहाव्या जॉर्जच्या काळात लाहोरच्या टांकसाळीने ‘एल’ हे अक्षर वापरले. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर मुंबईचा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन व हैदराबादची चांदणी येते. हैदराबादची टांकसाळ मूळची निजामाची. ती १९५० मध्ये भारत सरकारकडे आली. नोएडाचा गोल ठिपका १९८८ पासूनचा. तेव्हा ठिपका दिसला की मुंबई, हा हिशेब सर्व काळांना लागू पडत नाही.

खूण व साल एकत्र वाचल्याशिवाय दुर्मिळता कळत नाही. १९३८ च्या रुपयात ठिपक्याचे व बिनठिपक्याचे असे दोन्ही प्रकार आढळतात. १९३९ चा रुपया फार विरळा, म्हणूनच त्याच्या बनावटीही बाजारात पुष्कळ. आठाचा नऊ केलेला आहे काय, हे भिंगाखाली पाहावे. १९११ च्या रुपयाची कथा तर सर्वश्रुत आहे. त्यावरील हत्तीची सोंड व पाय इतके आखूड उतरले की लोकांना तो डुक्कर भासला. लोकांत नाराजी उसळली, बहुतेक नाणी परत वितळविली गेली, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेण्यात आला. आज त्याच फसलेल्या हत्तीसाठी संग्राहक अधिक पैसे मोजतात.

घरातील डब्यात असा रुपया निघाल्यास तो कडेने धरावा, पुसू नये, कोरड्या कागदात गुंडाळावा, आणि सराफाच्या तराजूत पडण्यापूर्वी त्याचे साल व तळाची खूण भिंगातून एकदा पाहून घ्यावी. पूजेला घासण्यासाठी एखादा झिजलेला रुपया वेगळा ठेवता येतो.