कोपऱ्यावरचे दहा मीटर

वस्तीतल्या गल्लीत उभी असलेली मोटार कोणाला धडक देत नाही, म्हणून अपघाताचा हिशेब मांडताना ती बाजूलाच राहते. पंचनाम्यात धडकणाऱ्या गाडीचा नंबर येतो, चालकाचे नाव येते, ब्रेकच्या खुणांची लांबी येते. ज्या गाडीमुळे त्या चालकाला समोरचे दिसलेच नाही, ती बहुतेक वेळा तोवर तिथून निघून गेलेली असते. बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीसारख्या गावात पार्किंगचा विषय निघाला की बोलणे लगेच बाजाराकडे आणि बसस्थानकाकडे वळते, कारण कोंडी तिथे दिसते आणि त्रास सगळ्यांना होतो. पण कोंडीत गाड्या रांगत असतात आणि रांगणाऱ्या गाडीखाली सहसा कोणी येत नाही. माझे म्हणणे असे की नगर परिषदेने पार्किंगबंदीची सुरुवात बाजारातून नव्हे, राहत्या मोहल्ल्यांतून करावी. आणि तिथेही सबंध गल्ली बंद न करता फक्त गल्लीचे तोंड मोकळे ठेवावे. प्रत्येक कोपऱ्यापासून दहा मीटर चारचाकी उभी राहणार नाही, एवढीच ही मागणी आहे.

शाळा भरण्याच्या वेळी अशा एखाद्या तोंडाशी उभे राहून पाहिले की हे दहा मीटर कशासाठी, ते ध्यानात येते. साध्या मोटारीत चालकाचे डोळे पुढच्या बंपरपासून सुमारे दोन मीटर मागे असतात. कोपऱ्याला लागून बोलेरो किंवा मालाची पिकअप लावलेली असेल, तर आडव्या रस्त्यावर काय आहे हे बघण्यासाठी त्याला आधी गाडीचे तोंड दोन मीटर बाहेर काढावे लागते, म्हणजे नजर पोहोचण्याआधी लोखंड पोहोचते. जपून चालवणारा इंच-इंच पुढे सरकतो, थांबतो, मान वाकवतो, पुन्हा सरकतो. घाईतला हॉर्न देतो आणि निघतो. समोरचे दिसत नाही याची ती कबुलीच असते. ट्रॅक्टरवाला उंच बसतो म्हणून त्याला दूरचे दिसते, पण इंजिनाचे लांब नाक पुढे असल्याने अगदी जवळचे खालचे दिसत नाही. आणि याच तोंडातून मुले बाहेर पडतात. पहिलीतल्या मुलाची उंची सव्वा मीटरलाही पोहोचत नाही, बोलेरोचे छत पावणेदोन मीटरच्या वर असते. दप्तरासकट ते मूल त्या गाडीमागे पूर्ण झाकले जाते आणि चालकाला पहिल्यांदा दिसते तेव्हा ते रस्त्यावर आलेले असते.

आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी ३० किलोमीटर हा वेग गल्लीत कोणाला जास्त वाटत नाही. त्या वेगाने गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात साडेबारा मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सात. एकूण जवळपास वीस मीटर. ताशी २० किलोमीटरला हेच अंतर साडेअकरा मीटरवर येते. कोपऱ्यावरचे दहा मीटर मोकळे असले आणि वेग विसाच्या थोडा खाली राहिला, तर दिसणे आणि थांबणे यांची जेमतेम गाठ पडते. कोपऱ्यावर गाडी उभी असेल तर ही गाठ गल्लीतल्या नेहमीच्या कुठल्याच वेगाला पडत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते. यांतले कितीजण उभ्या गाडीच्या आडून रस्त्यावर आले, ते या आकड्यांतून कळत नाही. वार्षिक अहवालात ‘उभ्या वाहनाला धडक’ असा अपघाताचा प्रकार आहे. उभ्या वाहनाने नजर अडवली, असा प्रकार नाही. नोंदीत नाही म्हणून उपायात नाही, असे इतकी वर्षे चालत आले आहे.

कायदा मात्र या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये पार्किंग कुठे करू नये याची लांब यादी आहे: पदपथ, पादचारी पट्टा, शाळा आणि दवाखान्याचे प्रवेशद्वार, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोरची बाजू, वाहतुकीची खूण झाकली जाईल अशी जागा. चौकाच्या किंवा तिठ्याच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत, तिथे पार्किंगची खास सोय करून दिलेली नसेल तर, गाडी उभी करायची नाही, असेही त्यात आहे. हा नियम मोठ्या रस्त्यांना शोभतो. जुन्या मोहल्ल्यात एका तोंडापासून दुसरे तोंडच पन्नास-साठ मीटरवर असते. तिथे अक्षरशः अंमल करायचा म्हटले तर सगळी गल्लीच बंद होते, आणि सगळेच बंद करणारा नियम कोणीच पाळत नाही. पोलीसही नाही, गाडीवालाही नाही. म्हणून स्थानिक निर्णयाची गरज आहे. गल्लीच्या मधल्या भागात एका बाजूला रीतसर जागा आखून द्यावी आणि तोंडाशी दहा मीटरची बंदी खरोखर पाळून घ्यावी. पन्नास मीटर कागदावर राहण्यापेक्षा दहा मीटर जमिनीवर उतरलेले बरे.

असा निर्णय होतो कसा, हेही बघण्यासारखे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात, ११६ खाली फलक लावता येतात आणि ११७ खाली वाहने उभी करण्याच्या जागा ठरवता येतात. त्या ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे नगर परिषद एकटी आदेश काढत नाही. मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांत कलम ११५ चे आदेश जिल्हाधिकारी काढतात. पण मागणी, जागांची यादी आणि रंगकाम हे नगर परिषदेचेच काम आहे. कलम ११५ मधली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ ठेवायचा असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्याच्या आतला असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. करून बघण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. पुण्यात वाहतूक शाखा हीच वाट धरते. एखाद्या रस्त्यावर नो-पार्किंग किंवा पी-१, पी-२ करायचे असेल तर आधी तात्पुरता आदेश निघतो, वर्तमानपत्रात येतो, नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात आणि मग अंतिम आदेश होतो.

पुण्याचा धडा दोन्ही अंगांनी घेण्यासारखा आहे. पी-१, पी-२ म्हणजे विषम तारखेला रस्त्याची एक बाजू आणि सम तारखेला दुसरी. ही पद्धत तिथल्या माणसांच्या अंगवळणी पडली, कारण तिचा अर्थ फलकावरून कळतो आणि ती कोणाची जागा कायमची हिरावत नाही. उलट २०१८ चे पार्किंग धोरण अडकले. तेव्हा शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन माणसांच्या संख्येच्या पुढे गेली होती आणि महापालिकेने रस्त्यावर गाडी ठेवण्याला शुल्क लावायचे ठरवले, अगदी घरासमोर रात्री ठेवण्यालाही. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला, विरोध पेटला आणि धोरण पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरते आकसले. शुल्काचा विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. शहरातली जमीन फुकट नसते, आणि २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानेही तेच सांगितले आहे. पण पैशाची गोष्ट आणि सुरक्षेची गोष्ट एका ताटात वाढली की लोकांना फक्त पैसा दिसतो. कटंगीत कोपऱ्यांचा विषय काढताना शुल्काचा शब्दही नसावा.

कोपरा मोकळा ठेवण्याची रीत इतरत्र जुनी आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत तिठ्यापासून दहा मीटरच्या आत गाडी लावू नये असे सांगितले आहे, जर्मनीत हे अंतर पाच मीटर आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकन या साठेक हजार वस्तीच्या दाट शहराने कोपऱ्यांवरचे पार्किंग नेटाने काढले. तिथे जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. मात्र त्या शहराने वेगही ताशी २० मैलांवर आणला आणि पादचारी पट्टे सुधारले, म्हणून सगळे श्रेय एकट्या पार्किंगबंदीला देता येत नाही.

वेगाच्या याच मुद्द्यावर सर्वात वजनदार आक्षेप येतो. गल्लीतल्या गाड्या काढल्या तर रस्ता रुंद होईल आणि मोटारसायकलवाले आणखी सुसाट जातील. हे खरे आहे. अरुंद, भरलेली गल्ली वेगाला लगाम घालते, आणि म्हणूनच मी सबंध गल्ली मोकळी करा असे म्हणत नाही. मधल्या भागात एका बाजूला गाड्या राहू द्याव्यात. सहा मीटर रुंदीची गल्ली धरा. मोटार पावणेदोन ते १.८ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना लावल्या तर मध्ये जेमतेम अडीच मीटर उरते, आणि मोठ्या वाहनाची कायद्याने मान्य रुंदी २.६ मीटरपर्यंत असते. म्हणजे अग्निशमन बंब अडकणार. एकाच बाजूला लावल्या तर चार मीटरहून अधिक वाट उरते. बंब जातो, पण भरधाव जाण्याइतकी ती मोकळी नसते. तोंड मोकळे, मध्य एका बाजूने भरलेला आणि तोंडाशी नीट आखलेला गतिरोधक, हे तिन्ही मिळून काम करतात. यातले एकच केले तर फायदा अर्धाही मिळत नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो: आमच्या दारासमोरची जागा, आम्ही गाडी लावायची कुठे? कोपऱ्यावर घर असलेल्याला ही बंदी जास्त सोसावी लागणार, हे मान्य केले पाहिजे. पण दारासमोरचा रस्ता घराच्या मालकीचा नसतो; तिथे दगड, कुंड्या किंवा खुर्ची ठेवून जागा अडवणेही चुकीचेच आहे. जपानमध्ये १९६२ पासून गाडी ठेवायला जागा असल्याचा पुरावा दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तसा विचार बोलून दाखवला. कटंगीत तो टप्पा दूर आहे. इथे कोपऱ्यावरच्या घरासाठी गल्लीच्या मधल्या आखलेल्या जागेत आधी हक्क देता येईल, आणि घरात अपंग किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर चढण्या-उतरण्यापुरते थांबण्याची सूट ठेवता येईल. दुचाकींना तर तोंडाशी बंदीची गरजच नाही. मोटारसायकलींच्या रांगेवरून चालकाची नजर जाते, चालणारे मूल तिच्या पलीकडे दिसते, आणि दुचाकींनी भरलेल्या जागेत मोटार घुसू शकत नाही.

बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉलीला वगळून चालणार नाही. धान खरेदीच्या दिवसांत भरलेली ट्रॉली रात्री गल्लीच्या तोंडाशी सोडून ट्रॅक्टर घरी जातो. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली असते, आणि पोत्यांची रास माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते. मोटारीपेक्षा हा आडोसा मोठा आणि अंधारात जास्त घातक आहे. खरेदीसाठी शेतकऱ्याला ताटकळावे लागते, हा त्याचा दोष नाही. म्हणून ट्रॉलीसाठी बंदीआधी पर्यायी मोकळे मैदान नेमून देणे ही नगर परिषदेची जबाबदारी आहे. ते दिल्याशिवाय दंड करणे अन्याय होईल.

राहिला अंमलाचा प्रश्न. छोट्या गावात टोइंगची गाडी नाही, वाहतूक पोलीस मोजके, मग पाळणार कोण? इथे आखणी नीट झाली तर निम्मी अंमलबजावणी तीच करते. मोठ्या शहरात गरम करून ओतायचा थर्मोप्लास्टिक रंग वापरतात; तो दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, वर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणजे रात्री दिव्यात रेघ चमकते. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर तो थेट धरत नाही, खाली प्रायमर लागतो, आणि तिथे हात आखडला की पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. ते जमत नसेल तर साधा पिवळा रस्त्याचा रंग, दरवर्षी पावसाळा सरल्यावर नव्याने, एवढेही चालेल. रस्त्याच्या कडेची अखंड पिवळी रेघ म्हणजे इथे गाडी लावायची नाही, हे २०१७ च्या विनियमातच आहे. त्या रेघेवर दोन-तीन सिमेंटचे खुंट किंवा सायकल स्टँड बसवला की चारचाकी तिथे राहूच शकत नाही आणि रोज पोलीस उभा करण्याची गरज पडत नाही.

नगर परिषदेच्या पुढच्या बैठकीत नगरसेवकांनी आपापल्या वॉर्डातल्या शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांजवळच्या गल्ल्यांच्या तोंडांची यादी ठेवावी, जिल्हाधिकाऱ्यांकडे एक महिन्याच्या निर्बंधाची मागणी करावी, आणि त्या महिन्यात लोकांच्या हरकती वॉर्डातच बसून ऐकाव्यात. ज्यांचे घर कोपऱ्यावर आहे त्यांना माझी विनंती आहे, आदेशाची वाट न पाहता आज संध्याकाळी गाडी दहा मीटर आत घ्या.