आजीला बाधा नाही, आजार आहे

म्हातारी जेवून उठते आणि घटकाभरात म्हणते, "मला कुणी वाढलंच नाही." मध्यरात्री माहेरी जायला निघते. पोटच्या मुलाला विचारते, "तू कुणाचा रे?" पोशीर असो की खालापूर, असे घडले की कोणी म्हणते साठी बुद्धी नाठी, कोणी म्हणते बाहेरची बाधा, भगताला दाखवा.

ही बाधा नव्हे. हा मेंदूचा आजार असतो आणि बहुतेक वेळा त्याचे नाव अल्झायमर.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात औगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर पुटे आणि आत धाग्यांचा गुंता दिसला. पुटे अमायलॉइड या प्रथिनाची, गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुढे कळले. शरीर निकामी प्रथिने काढून टाकते. ती साचू लागली की पेशी मरतात. डाळ-अंडी खाण्याशी याचा संबंध नाही. कंपवातातही असेच, पण वेगळे प्रथिन साचते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांत व खेड्यांत जास्त, शिक्षणाने कमी होणारे. म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आयाबायांना धोका अधिक.

म्हणून आधी डॉक्टर गाठा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. अल्झायमर पुरता बरा होत नाही. औषधाने काहींना काही काळ आधार मिळतो. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे, विडी-दारू सोडणे, ऐकू कमी येत असल्यास यंत्र लावणे, यांनी धोका कमी होतो.

रुग्णाशी वाद घालू नका. खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. सारा भार एकट्या सुनेवर टाकू नका, पाळी लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे.

आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जिने आपल्याला बोलायला शिकवले, तिच्यावर हा प्रसंग आपल्या हातून येऊ देऊ नका.