चकलीची कात

मेरीलँडमधल्या ओशन सिटीच्या बोर्डवॉकवर आपल्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात एखादा शनिवार-रविवार काढून आले असतील. मुलांचा हात धरून चालताना एका ठिकाणी तो हात हमखास सुटतो. बाहेर टी-शर्ट आणि पोहण्याच्या ट्यूब टांगलेलं दुकान, आणि दाराशीच तारेच्या पिंजऱ्यात शंखांचा ढीग. जवळ गेलं की तो ढीग हलताना दिसतो. शंखांवर फुटबॉल संघांची चिन्हं आणि स्पायडरमॅनचे चेहरे रंगवलेले, आणि वर पाटी : खेकडा फुकट. पिंजरा, रंगीत खडे, स्पंज आणि खाद्याची डबी मात्र विकत. २०२२ च्या जुलैत आम्ही असेच दोन फुकट खेकडे तीस-बत्तीस डॉलर देऊन घरी आणले. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने बे ब्रिज यायच्या आत त्यांची नावंही ठेवली. एक लाडू, दुसरी चकली. (चकली मादी आहे हे कशावरून, असं मी विचारलं नाही.)

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण मंडळाच्या गेल्या पिकनिकला निदान तीन घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला : "अहो, आमचा खेकडा हलत नाहीये, मेला का?"

हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत शंख तुरुतुरु पळताना पुष्कळांनी लहानपणी पाहिले असतील. ते समुद्रातले. अमेरिकेतल्या दुकानांत मिळतो तो जमिनीवर राहणारा, शास्त्रीय नाव कोएनोबिटा क्लिपिएटस. दक्षिण फ्लोरिडा, कॅरिबियन बेटं, खाली व्हेनेझुएलापर्यंत हे त्याचं माहेर. डावी नांगी मोठी आणि जांभळी. शंखात शिरला की हीच नांगी दाराला लावून घेतो. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे समुद्रात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. हा सगळा प्रकार घरात घडवून आणणं इतकं अवघड आहे की विकायला येणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो. नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षं जगू शकतो. बोर्डवॉकवरून आणलेले मात्र अनेकदा शाळा सुरू व्हायच्या आत जातात, आणि आपण म्हणतो, "एवढंच आयुष्य असेल बिचाऱ्याचं."

याचं मुख्य कारण हवा. हा खेकडा जमिनीवर चालत असला तरी श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ले ओले राहिले तरच काम करतात. त्याला साधारण ८० टक्के आर्द्रता लागते. एअर कंडिशनर लावलेल्या आमच्या दिवाणखान्यात मी आर्द्रतामापक ठेवला तेव्हा काटा ४० च्याही खाली होता. तारेच्या पिंजऱ्यात ती हवा चारी बाजूंनी वाहते. म्हणजे आम्ही त्या दोघांना घुसमटवत होतो, पण इतकं सावकाश की कळतच नव्हतं. दुकानाच्या चिठ्ठीत "आठवड्यातून दोनदा पाण्याचा फवारा" असं लिहिलं होतं. दमेकऱ्याला आठवड्यातून दोनदा खिडकी उघडून देण्यासारखं आहे ते.

दुसरी गोष्ट, झालेलं नुकसान लगेच दिसत नाही. पकडणं, पेटीतून प्रवास, गोदाम, कधीकधी जबरदस्तीने रंगीत शंखात बसवणं, मग दुकानातली गर्दी, मग आपल्या मुलांचे प्रेमळ हात. या सगळ्याचा हिशेब तो काही आठवड्यांनी चुकता करतो. इथले पाळणारे याला खरेदीनंतरचा ताण म्हणतात. खेकडा खाईनासा होतो, हात लावला तरी शंखात जात नाही, पाय गळून पडतात, कधी शंख सोडून उघडाच बसतो. यावर औषध नाही. योग्य टाकी, आणि महिनाभर तरी अजिबात न हाताळणं, एवढंच आपल्या हातात असतं. इतकं करूनही काही जातातच.

टाकी आम्ही दोन आठवड्यांनी बदलली. वीस गॅलनची काचेची टाकी, वर काचेचंच झाकण. तळाशी पाच भाग प्ले सँड आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, मुलं किल्ला करतात तेव्हा वाळू जेवढी ओली लागते तेवढी ओली. खोली निदान सहा इंच, आणि खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. तापमान ७५ ते ८५ फॅरनहाइट. उष्णतेचं पॅड टाकीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावायचं, खाली नाही. खाली लावलं तर वाळूत दडलेला खेकडा भाजतो. पाण्याच्या दोन वाट्या, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याची. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर ठेवून उडतो, पण बऱ्याच गावांत आता क्लोरामाइन घालतात आणि ते तसं उडत नाही, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन घालवणारं द्रव घालावं. खाऱ्या पाण्यालाही तिथलंच समुद्री मीठ; आपलं आयोडीनवालं मीठ चालत नाही. खाण्याची काळजी नको, या बाबतीत तो आपल्यातलाच आहे : खोबरं, आंबा, उकडलेलं अंडं, मीठ न लावलेली सुकट. फोडणी तेवढी वगळावी. कॅल्शियमसाठी अंड्याचं कुटलेलं टरफल किंवा कटलबोन, म्हणजे आपल्याकडे औषधी दुकानात मिळतो तो समुद्रफेन. त्याचं कारण पुढे येईल.

नव्या टाकीत दोघेही हिंडू-फिरू लागले. मग ऑगस्टमध्ये लाडू वाळूत गेला आणि वर आला नाही.

आता कात टाकण्याविषयी. खेकड्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि तो वाढत नाही. आतला जीव वाढला की जुना सांगाडा टाकून नवा करावा लागतो. कात टाकणं थोपवून धरणारं एक संप्रेरक खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांत तयार होतं. ते कमी झालं की दुसरं, एक्डायसोन नावाचं, वाढतं आणि काम सुरू होतं. जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच तयार होतं, खेकडा अंगात पाणी साठवतो, आणि त्या पाण्याच्या दाबाने जुनं कवच उकलून तो त्यातून बाहेर येतो. पायांच्या टोकांपर्यंत, मिशांपर्यंत सगळं. गळून पडलेला पायही याच वेळी नव्याने येतो. बाहेर आलेला खेकडा मेणासारखा मऊ असतो. नवं कवच कडक व्हायला कॅल्शियम लागतं, म्हणून तो आपलीच टाकलेली कात तिथेच बसून खातो. समुद्रफेन आणि अंड्याचं टरफल आधीपासून देत राहायचं ते याच साठ्यासाठी.

हे सगळं तो वाळूखाली, स्वतः केलेल्या छोट्या पोकळीत, अंधारात करतो. वर केलं तर मऊ अंगाला भाऊबंदच खातात. शेजारच्या टाकीतला मायाळू खेकडाही त्याला अपवाद नाही. लहान खेकड्याला या सगळ्याला चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला कित्येक महिने.

यातलं बरंचसं मी तेव्हा वाचलेलं होतं. तरीही तेविसाव्या दिवशी लाडूला उकरून काढलं ते मीच.

का काढलं, याचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यातून इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट. एखादा सर्व्हर तीस सेकंद काही बोलला नाही तर माझा फोन वाजतो, आणि मग कुणीतरी जाऊन त्याला हलवतो. जे मोजता येत नाही ते बिघडलं असणार, हा वीस वर्षांचा संस्कार. लाडू मेला असेल तर वाळू सडेल आणि चकलीलाही धोका, असा तर्कही मी मांडला. तर्क चूक नव्हता, पण तो तपासायला नाक पुरेसं होतं. मेलेला खेकडा सडलेल्या मासळीसारखा घाण वास मारतो, टाकीचं झाकण उघडताच कळतो. आमच्या टाकीला ओल्या मातीचा वास होता. तरी मी सुपाचा चमचा घेऊन बसलो.

पोकळी ढासळली. आत पोकळ, फिकट कात पडली होती आणि तिच्या शेजारी लाडू, गुलाबीसर पांढरा, अर्धा शंखाबाहेर. मिशी एकदा हलली. मी त्याला एका डब्यात ओल्या वाळूवर ठेवलं, कात जवळ ठेवली, वर काळं कापड घातलं. त्याने ती कात खाल्ली नाही. दोन दिवसांनी तो वास आला.

लेक रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, तू त्याला का उठवलंस?"

तेव्हा वाचकहो, तुमचा खेकडा हलत नसेल तर एवढं पाहा. वाळूखाली असेल आणि वास नसेल, तर हात लावू नका. वरच पडला असेल तर जवळून बघा : आतून रिकामं, हलकं आणि बिनवासाचं असेल तर ती कात आहे, खेकडा नाही. ती फेकू नका, त्याला खायची आहे. वरच कात टाकलेला मऊ खेकडा दिसला तर त्याला उचलू नका. बाटलीचा तळ कापून, भोकं पाडून ती त्याच्याभोवती वाळूत रोवा, म्हणजे दुसरे खेकडे दूर राहतील. अवघड आहे ते कात टाकण्याच्या आधीचे दिवस ओळखणं, कारण त्यातली आणि ताणाची काही लक्षणं सारखीच. कात टाकणारा सहसा आधी भरपूर खातो-पितो, उकरत बसतो, रंग मळकट राखाडी होतो, डोळे धुरकट दिसतात. पण नुसता सुस्त खेकडा दोन्हींपैकी काहीही असू शकतो. सुदैवाने दोन्हींवर उपाय एकच : ओल, ऊब, अंधार, आणि आपण लांब.

त्या ऑक्टोबरमध्ये आई सांगलीहून आली. २० नोव्हेंबरला चकली खाली गेली आणि माझी पुन्हा घालमेल सुरू झाली. घरात हीटर चालू, बाहेरची हवा कोरडी. मी दिवसातून चार वेळा टाकीपाशी. लाडूची हकिकत आईला लेकीने सांगितलेली होतीच. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी टॉर्च घेऊन काचेला डोळा लावून बसलो होतो तेव्हा आई मागून म्हणाली, "अरे, ओल्या बाळंतिणीला कुणी हलवून जागं करतं का? खोलीला पडदा लाव, शेक दे, आणि बाहेर हो."

इंटरनेटवर तीन महिने वाचलेलं तिने एका वाक्यात संपवलं. मी टाकीच्या तीन बाजूंना खरोखरच जुन्या चादरीचा पडदा लावला.

बाकीचं तयार ठेवायचं तेही त्या काळात केलं. कात टाकून आलेल्याला शंख घट्ट होतो, म्हणून गोल तोंडाचे, न रंगवलेले टर्बो जातीचे चार शंख आणले, सध्याच्याहून थोडे थोडे मोठे. उकळून, गार करून ठेवले. रंगाचे टवके खेकडा खातो, म्हणून रंगीत शंख काढून टाकले. शंखांवरून आठवलं : एखादा मोठा शंख रिकामा झाला की हे खेकडे कधीकधी उंचीप्रमाणे रांग लावतात, आणि पहिला हलला की सगळे एकेक घर पुढे सरकतात. रँडी रॉटजन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बेलीझमधल्या याच जातीच्या खेकड्यांवरचा यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. घर बदलताना एवढी शिस्त आपल्यात मी पाहिलेली नाही.

१७ जानेवारी २०२३ च्या सकाळी, अठ्ठावन्नाव्या दिवशी, शाळेची बस यायच्या वेळी वाळूला भोक दिसलं. चकली खाऱ्या पाण्याच्या वाटीत बसली होती. नांगी गडद जांभळी, पायांची टोकं चकचकीत, आणि बोर्डवॉकवरून येतानाच जो एक पाय नव्हता त्या जागी लहानसा नवा पाय. लेकीची बस चुकली. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

आम्ही नंतर खेकडा विकत घेतला नाही. एकट्या चकलीला सोबत हवी म्हणून, कॉलेजला निघालेल्या एका मुलाचे दोन खेकडे त्याच्या आईवडिलांकडून आणले. असे द्यायला निघालेले खेकडे शोधले तर भरपूर मिळतात. भारतात जाताना शेजारच्या आजी वाट्यांत पाणी घालतात. खाली गेलेल्याला त्याचीही गरज नसते.

हे लिहिताना चकली परत खाली आहे, आज एकेचाळिसावा दिवस. टाकीच्या झाकणावर लेकीच्या अक्षरात मराठीत चिठ्ठी आहे : "बाबा, उठवू नये."