क्रीमच्या डब्यावर ‘अल्कोहोल’ लिहिलंय, म्हणजे त्यात दारू आहे का? भेगा पडलेल्या टाचांसाठी क्रीम घेण्याआधी हे वाचा

परळी वैजनाथ : थंडी सुरू झाली की मेडिकलच्या काउंटरवर टाचेच्या भेगांची क्रीम मागणाऱ्यांची संख्या वाढते. ऊसतोडीला गेलेल्यांच्या हातापायांचे हाल तर विचारूच नका. पाचटानं कापलेली बोटं, पहाटेचं दव, दिवसभर कोयता. अशा वेळी क्रीम ही चैन नसते, दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहता यावं म्हणून ती लागते.

आमच्या एक मावशी आहेत, माळकरी. टाचेतून रक्त येत होतं म्हणून त्यांना एक साधी क्रीम आणून दिली. नातवानं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं डब्यावरची बारीक अक्षरं मोठी करून वाचली आणि म्हणाला, “आज्जे, ह्याच्यात अल्कोहोल हाय.” झालं! मावशींनी डबा परत दिला. “माळ घातलीय मी. दारूचं काई पायाला बी लावनार न्हाई.”

नातवानं वाचलं ते बरोबरच होतं. त्यातून काढलेला अर्थ तेवढा चुकला. अशीच शंका मुस्लिम कुटुंबांतही येते. आणि ज्यांना धर्माची अडचण नाही, ते म्हणतात, “अल्कोहोलनं कातडी कोरडी पडते.” कोरोनात सॅनिटायझर चोळून चोळून सगळ्यांचेच हात खरखरीत झाले होते, त्यामुळं हा समज पक्का बसलाय.

नाव एक, वस्तू वेगळ्या

रसायनशास्त्रात ‘अल्कोहोल’ हे एका वस्तूचं नाव नाही, ते आडनावासारखं आहे. एका आडनावाची दहा घरं गावात असतात, पण सगळ्यांचा धंदा एक नसतो. उसाच्या मळीपासून डिस्टिलरीत जे निघतं ते इथेनॉल. दारूत तेच, सॅनिटायझरमध्ये तेच आणि पेट्रोलमध्ये मिसळतात तेही तेच. त्याच्या कणात कार्बनचे फक्त दोन अणू असतात. ते पाण्यासारखं पातळ असतं, पटकन उडतं आणि उडताना कातडीवरचं तेल-पाणी कमी करून जातं.

क्रीममध्ये असतं ते फॅटी अल्कोहोल, म्हणजे तेला-चरबीपासून बनवलेलं. यात 16, 18, कधी 22 कार्बनची लांब साखळी असते. साखळी एवढी लांब झाली की वस्तूचा स्वभावच बदलतो. हे पातळ नसतं, मेणासारखे पांढरे तुकडे असतात. सिटाइल अल्कोहोल वितळायलाच साधारण 49 अंश तापमान लागतं. ते प्यायचं नाही, त्यानं नशा होत नाही, त्याला दारूचा वास नाही. लेबलवर ते सिटाइल, स्टिअरिल, सिटोस्टिअरिल किंवा सिटिअरिल, बेहेनिल अशा नावांनी असतं. यातलं कुठलंही नाव ‘अल्कोहोल’च्या आधी दिसलं तर ते मेणच समजा. नुसतं ‘अल्कोहोल’, ‘अल्कोहोल डिनॅट’, ‘इथेनॉल’ किंवा ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ असेल तर ते उडणारं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही हा फरक स्पष्ट केला आहे. तिथं ‘अल्कोहोल फ्री’ लिहिलेल्या डब्यातही सिटाइल अल्कोहोल असू शकतं, कारण लेबलवर नुसतं अल्कोहोल म्हणजे इथाइल अल्कोहोल असं धरलं जातं.

आता हे बनतं कशापासून? 1817 च्या सुमारास शेव्हरूल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही देवमाशाच्या डोक्यात सापडणाऱ्या मेणापासून. ‘सिटाइल’ हे नावच देवमाशाच्या लॅटिन नावावरून पडलं. माळकऱ्यांनी दचकू नये, ती गोष्ट जुनी झाली. आज ते मुख्यतः पाम तेल, खोबरेल किंवा पाम बियांच्या तेलापासून बनतं, काही ठिकाणी खनिज तेलापासूनही. आपल्या देशातही ते बनतं, गोदरेजचा गुजरातमधल्या वालियाचा कारखाना त्यातलाच. मावशींना एवढं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “खोबरेल तेलाचंच हाय ना?” डब्यावर हिरवा ठिपका होता, तो दाखवला.

धरणावर पसरलेलं तेच मेण

हे मेण क्रीममध्ये करतं काय? आमटीवर तेलाचा तवंग येतो तसं क्रीममधलं तेल आणि पाणीही वेगळं व्हायला बघतं. त्यांना धरून ठेवायला एक मिसळक लागतो. फॅटी अल्कोहोल त्या मिसळकाला हात देतं आणि क्रीमला घट्टपणा आणतं. हातावर घेतली की ओघळत नाही आणि चोळली की मऊ लागते, ती त्याच्यामुळं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. उन्हाळ्यात काळं रान कसं भेगाळतं, ते आपल्याला सांगायला नको. वरून ओल उडून जाते, माती आक्रसते आणि भेग पडते. टाचेचंही तसंच. तिथली कातडी जाड असते आणि तिथं तेल सोडणाऱ्या ग्रंथी नसतात. ओल उडाली की ती ताठरते, वरून अंगाचा भार पडतो आणि ती फाटते. मिरचीच्या किंवा टरबुजाच्या रानात ओल टिकावी म्हणून आपण मल्चिंग पेपर अंथरतो. क्रीममधली तेलं आणि फॅटी अल्कोहोल मिळून कातडीवर तसंच आच्छादन करतात.

आणि हे फक्त उदाहरण म्हणून सांगत नाही. हेच सिटाइल अल्कोहोल धरणाच्या पाण्यावर पसरून बाष्पीभवन कमी करायचे प्रयोग 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाले. पुढं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विषयावर काम झालं. पाण्यावर याचा फक्त एका कणाच्या जाडीचा, डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि पाणी कमी उडतं. अडचण वाऱ्याची. वारा सुटला की थर फाटतो आणि काठाला गोळा होतो, म्हणून मोठ्या जलाशयावर तो टिकवणं अवघड जातं. ज्या परळीत 2015 साली पाण्याअभावी औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तिथल्या माणसाला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. टाचेवर मात्र वाऱ्याची अडचण मोज्यानं सुटते.

पण आच्छादन कोरड्या रानावर टाकून उपयोग नाही, आधी पाणी द्यावं लागतं. म्हणून क्रीम लावायची ती अंघोळीनंतर किंवा रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून, टिपून, अंग ओलसर असतानाच. वरून सुती मोजे. कोरड्या, धुळीच्या पायाला दिवसातून चार वेळा लावण्यापेक्षा हे बरं. महागडी क्रीमच पाहिजे असंही नाही. साधी पेट्रोलियम जेली हेच काम करते, आणि तिच्यात कुठलंच अल्कोहोल नसतं. फक्त ती चिकट लागते.

मग त्रास कुणालाच होत नाही का?

होतो, पण थोड्यांना. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीनं 1988 मध्ये सिटाइल, सिटिअरिल आणि त्यांच्या भावंडांना सध्याच्या वापरात सुरक्षित ठरवलं. तरी काही जणांना सिटोस्टिअरिल अल्कोहोलची अ‍ॅलर्जी येते, विशेषतः ज्यांना आधीच एक्झिमा आहे किंवा पायावर जुनी जखम आहे त्यांना. मलमं त्यांच्या फाटलेल्या कातडीवर महिनोन्महिने लागलेली असतात. मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिन अल्कोहोलचाही काहींना त्रास होतो. म्हणून नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडी लावून बघा. अशी अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी खाज आणि लाली येते. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर जाड क्रीम तिथं नको, ती टाचेलाच ठेवा.

चुलीपुढं बसणाऱ्या बायांनी एक ध्यानात ठेवावं. मलम-क्रीम रोज लागून कपड्यात, चादरीत मुरलं की ते कापड पटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामकानं 2018 मध्ये यावर इशारा दिला आहे. क्रीम लावलेला पदर आणि जाळ यांत अंतर ठेवा.

खरी भीती कशाची?

लोक सिटाइल अल्कोहोलला घाबरतात आणि लेबलच नसलेली गोरेपणाची क्रीम बिनधास्त लावतात, हे मला जास्त काळजीचं वाटतं. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींच्या किडनीला इजा झाल्याचं 2023 च्या सुरुवातीला समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार अशा क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. गोरं होण्यासाठी किंवा गजकर्णावर स्वतःच्या मनानं लावायच्या स्टिरॉइडच्या ट्यूबचंही तसंच. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा 14 स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ‘क्लोबेटासोल’, ‘बीटामेथासोन’ नावाच्या ट्यूबा घराघरात दिसतात. त्यांनी कातडी पातळ होते आणि गजकर्ण आत पसरत जातं.

डबा घेताना मोबाइलच्या कॅमेऱ्यानं घटकांची यादी मोठी करून बघा, इंग्रजी वाचता येत नसेल तर गुगल लेन्सला वाचायला लावा. जे जास्त तेच यादीत आधी, असा नियम आहे (एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही येतात). यादी, कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर, मुदतीची तारीख यांपैकी काहीच नसेल तर ती क्रीम परत करा.

शुगर असलेल्यांनी टाचेची भेग घरी उकरत बसू नये. भेगेतून पू आला, पाय सुजला किंवा पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. जाताना वापरत असलेली क्रीम डब्यासकट न्या, नुसतं ‘पांढरी ट्यूब होती’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. आणि हो, ट्यूब गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते मेण आत वितळतं आणि तेल-पाणी वेगळं होऊन क्रीम फुटते.