जनुकांची कात्री आणि सोयरीक

स्मरणिकेसाठी ‘जैव-अभियांत्रिकी आणि मानव’ या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. त्याच आठवड्यात, गेली आठ वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एका थॅलेसेमियाग्रस्त मुलीच्या वडिलांनी मोबाईलवरील बातमी माझ्यापुढे धरली. “डॉक्टरसाहेब, जीन कापून हा आजार बरा होतो म्हणतात. आमच्या पोरीला होईल का?” त्यांना जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडतो, आणि जे वेळेवर सांगितले नाही, तेही.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन प्रौढांच्या हिमोग्लोबिनहून वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे उत्पादन जवळजवळ थांबते व बीटाचे वाढते. म्हणूनच बीटा थॅलेसेमिया मेजरचे बाळ जन्मतः गुटगुटीत असते आणि सहाएक महिन्यांनंतर पांढरेफटक पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त, आणि त्या रक्तातून साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी रोजचे औषध.

परंतु काही व्यक्तींमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहते व त्यांना त्याचा त्रास होत नाही. अशा व्यक्तीला थॅलेसेमिया असलाच, तर तो सौम्य असतो. शास्त्रज्ञांनी निसर्गातील हाच दाखला हेरला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी बाहेर काढून, गॅमा साखळीला आवर घालणारे ‘बीसीएल-११-ए’ हे जनुक त्या पेशींत निष्प्रभ करावयाचे आणि पेशी परत द्यावयाच्या, असा हा उपचार आहे. बिघडलेले जनुक यात दुरुस्त होत नाही. निसर्गाने मिटलेले दार पुन्हा उघडले जाते, इतकेच. त्यासाठी वापरली जाणारी ‘क्रिस्पर’ ही कात्रीदेखील मूळची जिवाणूंची, विषाणूंशी लढण्याची. तिचा उपयोग दाखविणाऱ्या शार्पेंतिए व डाउडना या दोन विदुषींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, तर अमेरिकेने थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये, १२ वर्षे व त्यावरील रुग्णांकरिता मान्यता दिली.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये! शिवाय नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि तिच्यामुळे पुढे अपत्यप्राप्तीत बाधा येऊ शकते. हा आकडा ऐकून ते गृहस्थ काही वेळ काहीच बोलले नाहीत.

हा बदल रुग्णापुरताच राहतो, पुढच्या पिढीत उतरत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. २०१८ मध्ये चीनमधील एका संशोधकाने भ्रूणांमध्येच बदल करून जुळ्या मुली जन्मास आणल्या. त्याला पुढे तीन वर्षांची शिक्षा झाली. ती योग्यच झाली, असे माझे मत आहे. कारण जनुक म्हणजे निव्वळ दोष नव्हे. थॅलेसेमियाचे एकच सदोष जनुक बाळगणाऱ्या व्यक्तीला मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावे, असा तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला आणि पुढील संशोधनाने त्यास बळ मिळाले. हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले. ज्या जनुकाने आपल्या पूर्वजांना डासांच्या मुलखात तगवले, तेच दोन्हीकडून आले की लेकरू आजारी पडते.

दोन्हीकडून येण्याची सोय मात्र आपणच करून ठेवली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांचा अभ्यास मांडला. उत्तरेकडे निषिद्ध असलेली मामाची मुलगी महाराष्ट्रात पसंतीची. आपल्या कमलनगर-भालकी-उदगीर पट्ट्यात तर मामा-भाचीचे विवाहही घडतात. मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश.

या मुलीची आई माझ्या ओळखीच्या घरातली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला अशक्तपणासाठी माझ्याकडे आणले होते. महिनोन्‌महिने लोहाचे औषध घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते, तांबड्या पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर. (हे चित्र दिसले की लोहाची बाटली बाजूला ठेवावी, असे तरुण सहकाऱ्यांना सुचवितो.) तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ वाढलेले आढळले: थॅलेसेमिया मायनर. “काळजी नको, हा आजार नव्हे,” असे मी म्हणालो आणि ते खरेच होते. पुढे त्याच्या बहिणीचे लग्न सख्ख्या मामाशी ठरले. मला आग्रहाचे निमंत्रण होते. मुलाचा अहवाल मला आठवत होता. जनुक आईकडून आले असेल तर नवरदेवातही ते असण्याची शक्यता अर्धी, हा हिशेब मला येत होता. मंडपात अपशकुनासारखे काय बोलावे, या संकोचाने मी जेवून परतलो. दीड वर्षांनी सात महिन्यांची पांढरीफटक मुलगी माझ्या टेबलावर होती. प्लीहा चार बोटे वाढलेली.

मी हे तिच्या वडिलांना या वर्षी प्रथमच सांगितले. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, “तपासणीला किती खर्च आला असता?” मी रक्कम सांगितली. मांडवाच्या खर्चात ती दिसलीही नसती.

तो धाकटा भाऊ आता पंचवीस वर्षांचा आहे. आत्याच्या मुलीशी त्याची बोलणी चालू आहेत. या वेळी मी निमंत्रणाची वाट पाहिली नाही. मुलीच्या वडिलांना स्वतः फोन केला. एचपीएलसी तपासणीसाठी तिचे रक्त सोमवारी पाठविले आहे. दोघेही वाहक निघाले आणि तरीही लग्न झाले, तर गर्भारपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा अंश तपासून निदान करता येते, हेही त्यांना सांगून ठेवले आहे. अहवाल अजून यावयाचा आहे.