पाण्याखालचे गणित

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरात कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. दुर्घटनेचा उलगडा करू शकणारी दोन नोंदयंत्रे सुमारे २,००० मीटर खोल तळाशी पडली होती. तेथे कोणा पाणबुड्याचा निभाव लागणे अशक्यच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ‘स्कॅरॅब’ नावाच्या मानवरहित वाहनाने ती दोन्ही वर आणली. चालक जहाजावर बसून केबलद्वारे या वाहनाच्या यांत्रिक हातांना आज्ञा देत होता.

अशी वाहने दिसावयास ओबडधोबड पेटाऱ्यासारखी असतात. पाणबुडीचा निमुळता डौल त्यांत नाही, आणि त्याला कारण आहे. पाणबुडीला मुख्यतः पुढे जावयाचे असते. या वाहनाला मात्र एका जागी स्थिर राहून चहूबाजूंना, वर आणि खाली सरकावयाचे असते. म्हणून हलका, पण दाबाला दाद न देणारा फोम माथ्यावर आणि जड यंत्रे तळाशी ठेवतात. त्यामुळे ते कलले तरी आपोआप सरळ होते.

खरी अडचण पाण्याची आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. शिवाय वाहन हलताना भोवतालचे पाणीही हलवावे लागते. या पाण्याचा भार वाहनाच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या तोडीचा असू शकतो. तो हिशेबात धरला नाही, तर वाहन अपेक्षेपेक्षा उशिरा निघते आणि उशिरा थांबते.

केबलचा प्रश्न याहून बिकट. खोल पाण्यात रेडिओलहरी पोचत नाहीत, तेव्हा तिच्यावाचून गत्यंतर नाही. २,००० मीटर लांब आणि ३ सेंटिमीटर जाड केबल प्रवाहाला ६० चौरस मीटर आडवी येते. वाहनाचे तोंड जेमतेम दोन-तीन चौरस मीटर. म्हणून पुष्कळदा जड पिंजरा जाड केबलने खाली सोडतात आणि त्यातून वाहन बारीक केबलीवर बाहेर पडते. तरीही धोका टळत नाही. १९९५ साली १०,९०० मीटरांहून खोल गेलेले जपानचे ‘काइको’ २००३ मध्ये अशी दुय्यम केबल तुटूनच हरवले.

हे सारे आधी ताडावयाचे तर संगणकावर समीकरणे सोडवावी लागतात आणि प्रतिकृती टाकीत ओढून ती उत्तरे पडताळावी लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने रशियन सहकार्याने घडविलेले ‘रोसब ६०००’ २०१० साली ५,२८९ मीटर खोलीवर उतरले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु यंत्र विकत घेता येते, सहकार्याने उभारताही येते. पाण्याचे गणित मात्र ज्याचे त्यानेच शिकावे लागते. आपल्या वर्गांतून ‘माध्यमाचा विरोध नगण्य मानावा’ असे सांगून उदाहरणे सोडविली जातात. समुद्रतळावर नेमके तेच नगण्य मानलेले पद निर्णायक ठरते. विद्यार्थ्याला एकदा तरी ते मोजावयास लावले, तर पुढच्या वाहनाची पायाभरणी तेथेच होईल.